रियाधच्या चार वाऱ्या आणि तीन अबाये

पहिला अबाया खुर्चीच्या चाकात गेला.

२०१७चा फेब्रुवारी. रियाध, क्लायंटच्या ऑफिसात सातव्या मजल्यावर मीटिंग. समोर सहा पुरुष, सगळे पांढऱ्याशुभ्र थोबात, म्हणजे पायघोळ झग्यात, डोक्यावर लाल-पांढऱ्या चौकटीचा रुमाल, शिमाघ. मी पंपाबद्दल बोलता बोलता खुर्ची जरा मागे सरकवली आणि बोर्डाकडे जायला उठले, तर उठताच येईना. मागून कुणीतरी पदर धरून ठेवावा तसं. खाली बघितलं तर अबायाची मागची कड चांगली वीतभर चाकाने गुंडाळून घेतलेली. ओढल्यावर टर्रकन आवाज आला. समोरचे सहाही जण एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. बाईमाणसाच्या पायाशी वाकून मदत करायची तर ते बरं दिसेना, आणि नुसतं बघत बसायचं तर तेही नाही. शेवटी मी खुर्ची आडवी पाडली, बॅगेतल्या पेनाने चाकातून कापड सोडवलं, आणि पुढची चाळीस मिनिटं काळी झालर ओढत प्रेझेंटेशन दिलं.

मी चिंचवडच्या एका कंपनीत आहे. आम्ही पाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये रसायनं मोजून सोडणारे डोसिंग पंप बनवतो. सौदीत पिण्याचं पाणी बहुतांशी समुद्राच्या पाण्यापासूनच करावं लागतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना तिकडे काम असतं. आतापर्यंत चार वाऱ्या झाल्या: २०१७, २०१९, २०२२ आणि २०२५. या चार वाऱ्यांत तीन अबाये झाले. 'तिकडे जाताना काय घालायचं' असं मला वर्षातून दोनतीन जणी तरी विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. धर्म, परंपरा, स्वातंत्र्य वगैरे बाजूला ठेवून, पंप तपासते तसे हे तीन कपडे तपासणार आहे: चालतो का, कुठे अडतो, कुठे फाटतो.

(आमच्या ऑफिसात कुणी 'तो अबाया' म्हणतं, कुणी 'ती अबाया'. मी बुरख्यासारखा 'तो' म्हणते. अबाया म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंतचा सैल झगा, एवढंच. चेहरा झाकतो तो निकाब, आणि डोक्यावरून घ्यायच्या ओढणीला सौदीत तरहा म्हणतात. ही तीन वेगवेगळी कापडं आहेत.)

पहिला अबाया पुण्यात कॅम्पातून घेतला होता, १,४५० रुपयांना. दुकानाचं नाव देत नाही, कारण चूक त्यांची कमी आणि माझी जास्त. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. अबायाचा साइज म्हणजे खांद्यापासून खालपर्यंतची लांबी, इंचात: ५२, ५४, ५६, ५८ असा. माझी उंची पाच फूट दोन इंच. दुकानदाराकडे ५६ शिल्लक होता, तो म्हणाला, "मॅडम, हील घातल्यावर बरोबर होतो." मी आयुष्यात हील घातलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी विमान होतं, घेतला.

तर हा पहिला अबाया. समोरून बंद, म्हणजे डोक्यातून घालायचा. क्रेपचं कापड, दोन्ही मनगटांवर चमकणारे खडे. डोक्यातून घालायचा असल्यामुळे बाथरूममध्ये गेलं की सगळा घोळ वर गोळा करून हनुवटीखाली धरायचा. नऊवारी नेसून लग्नाच्या हॉलमधल्या बाथरूमला गेलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको. खडे लॅपटॉपवर घासायचे, टाइप करताना टकटक आवाज यायचा, परत आले तेव्हा कीबोर्डखाली दोन ओरखडे होते. आणि ती ५६ची लांबी. साडी नेसणाऱ्या बाईला जिना चढताना निऱ्या चिमटीत धरायची सवय असते, तसं मी तोही धरत होते, पण एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात आतले भाग दिसावेत म्हणून कापलेला पंपाचा नमुना, मग निऱ्या कशाने धरायच्या? सरकत्या जिन्यावर तर मी पायच ठेवला नाही. मॉलमध्ये चार मजले लिफ्ट शोधत फिरले.

पाचपैकी एक गुण. तो एक त्याच्या रंगाला. काळा होता आणि काळाच राहिला.

पण २०१७ साली निवडीचा प्रश्नच नव्हता. परदेशी बाईनेसुद्धा अबाया घालायचा, हे गृहीत होतं. विमान रियाधला उतरायच्या आधी अर्धा तास आमच्या ओळीतल्या बायका एकेक करून उठल्या आणि काळ्या होऊन परत आल्या. हॉटेलांत पुरुषांना वेगळं दार, कुटुंबांना वेगळं, आणि एकटी बाई म्हणजे 'कुटुंब'. मी एकटी कुटुंब म्हणून पडद्याच्या खोलीत बसून बिर्याणी खाल्ली आहे, चार माणसांच्या टेबलावर. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम नव्हत्या. पँट घ्यायची तर अंदाजाने घ्या, घरी जाऊन घालून बघा, नाही बसली तर परत आणा. नमाजाच्या वेळी शटर खाली. एकदा मी आत असतानाच शटर खाली आलं आणि वीस मिनिटं मी आणि एक फिलिपिनो सेल्सगर्ल उशांच्या विभागात बसून राहिलो.

त्यानंतर ज्या वेगाने गोष्टी बदलल्या तो वेग आमच्या एचआरला झेपला नाही. २०१८च्या मार्चमध्ये तिथल्या युवराजांनीच अमेरिकन टीव्हीवर सांगितलं की कायदा सभ्य पोशाख मागतो, काळा अबायाच हवा असं म्हणत नाही. त्याच जूनमध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. २०१९च्या सप्टेंबरात पर्यटक व्हिसा सुरू झाला, तेव्हा परदेशी बायकांना अबायाची सक्ती नाही हे जाहीरपणे सांगितलं गेलं: खांदे आणि गुडघे झाकलेले, कपडे अंगाला घट्ट नाहीत, बस्स. त्याच डिसेंबरात हॉटेलांची वेगवेगळ्या दारांची सक्ती गेली. आणि आमच्या एचआरची 'महिला कर्मचाऱ्यांसाठी सूचना' ही मेल? ती २०१७चीच. २०२५मध्येही मला तीच आली, 'काळा अबाया अनिवार्य' आणि 'गाडी चालवू नये' यासकट. मी दुरुस्ती करून परत पाठवली. 'नोटेड' असं उत्तर आलं.

दुसरा अबाया २०१९चा, नोव्हेंबरातला. या वेळी शहाणपणा केला, पुण्यातून नेला नाही, रियाधच्या एका चकचकीत मॉलमधून घेतला. ३२० रियाल, तेव्हाचे सहा हजार रुपये. कबुतरी राखाडी रंग, समोरून उघडा, बाह्या खांद्यापासूनच पसरत जाणाऱ्या, फुलपाखरासारख्या. आरशात बघितलं आणि मी, जी ऑफिसला चार कुर्ते आलटून पालटून घालते, ती स्वतःवरच खूश झाले. दिसायला तिन्हींत हाच सुंदर. आजही लग्नाकार्यात कुणी मागितला तर देते.

कामाला मात्र अगदी कुचकामी. समोरून बंद करायला गळ्याशी एकच टिचबटण. चाललं की दोन्ही पाखे दोन बाजूंना. तिथली ऑफिसं एसीने गारठवून ठेवलेली असतात, त्या झोतात मी कॉरिडॉरमधून चालले की मागे झेंडा. आणि त्या बाह्या! मी बोर्डावर प्लांटचं पाइपिंग काढत होते. टाकी, पंप, व्हॉल्व्ह, दुसरा पंप, फ्लो मीटर, सगळं काढून झाल्यावर मी उजवीकडे वरच्या कोपऱ्यात टाकीचं नाव लिहायला हात उंचावला आणि खाली आणला. बाहीने अर्धा प्लांट पुसून टाकला. क्लायंटचे मॅनेजर म्हणाले, "हे डिझाइन बदल आम्हाला मान्य आहेत, खर्च कमी झाला." सगळे हसले, मीही. पण बाहीला निळी शाई लागली ती लागलीच.

कॉफीचंही तेच. तिथे मीटिंगला बसलं की आधी कहवा येतो, वेलदोडे घातलेला, फिकट सोनेरी, बिनसाखरेचा, सोबत खजूर. कानाशिवायचा इवलासा कप, फिंजान म्हणतात त्याला, तो उजव्या हाताने घ्यायचा. नको असेल तेव्हा कप बोटांत जरासा हलवायचा, नाहीतर देणारा ओततच राहतो. मला हे माहीत होतं. पण कप हलवताना बाहीचं टोक खजुराच्या ताटलीत जातं हे माहीत नव्हतं.

पाचपैकी दोन. दोन्ही दिसण्याला.

त्याच वारीत ती गोष्ट घडली जी मी प्रत्येकीला सांगते, कारण अबाया कसा घ्यावा यापेक्षा ती महत्त्वाची आहे. क्लायंटकडच्या एका मोठ्या साहेबांनी घरी जेवायला बोलावलं. घर म्हणजे दोन दारं: एक पुरुषांच्या बैठकीचं, एक बायकांच्या. माझा सहकारी त्या दाराने गेला, मी या दाराने. दारातच घरच्या वहिनींनी गालाला गाल लावून स्वागत केलं, आणि अत्यंत प्रेमाने माझा अबाया उतरवून घेतला. तिथे तशी पद्धतच आहे. सगळ्या बायकाच असतील तर अबाया दाराशी टांगायचा, आपल्याकडे पाऊस असला की छत्री ठेवतात तसा.

आत वीस-एक बायका. कुणी पायघोळ रेशमी गाउनमध्ये, कुणी लालभडक जरीच्या कफ्तानात, केस सलूनमधून केलेले, अत्तराचा दरवळ, उदाची धुरी फिरतेय. आणि दारात मी. अबायाच्या आत कोण बघतंय या हिशेबाने घातलेला, कंपनीच्या वार्षिक संमेलनात फुकट मिळालेला पोपटी टी-शर्ट. छातीवर आमच्या पंपाचं चित्र. खाली चुरगळलेली ट्रॅक पँट.

मी आयुष्यात इतकी उघडी पडलेली नाही.

एका आजींनी माझ्या टी-शर्टकडे नीट बघितलं, सुनेला काहीतरी विचारलं. सुनेने इंग्रजीत मला सांगितलं, "आजी विचारतात, हे तुमच्या कुटुंबाचं चिन्ह आहे का?" मी म्हटलं, "नाही आजी, पंप आहे, पाण्याचा." त्यांनी समाधानाने मान हलवली, मला शेजारी बसवलं आणि माझ्या ताटात स्वतःच्या हाताने मटणाचा मोठा तुकडा ठेवला. मी शाकाहारी आहे हे सांगायची हिंमत झाली नाही, भाताखाली सरकवला. त्या घरातल्या कुणीही मला अवघडल्यासारखं वाटू दिलं नाही. पण हॉटेलवर परत आल्यावर तो टी-शर्ट मी फरशी पुसायला ठेवून आले.

तेव्हापासून आतला कपडाच आधी ठरवते, वरचा नंतर. २०२२च्या वारीला खणाचा कुर्ता नेला, जांभळा, हिरव्या काठाचा. पुन्हा आमंत्रण आलं, पुन्हा अबाया दाराशी टांगला, आणि या वेळी चार जणींनी कापड बोटांत धरून बघितलं. "हे हाताने विणलेलं आहे?" "कुठे मिळतं?" आमच्याकडे याची चोळी शिवतात, ओटी भरतात, हे सांगताना माझं इंग्रजी संपलं आणि हातवारे सुरू झाले. ओटी म्हणजे काय हे अरबी बायकांना हातवाऱ्यांनी समजावण्याचा प्रयत्न केला तर त्यांना वाटतं तुम्ही गरोदर आहात. अभिनंदन करून मोकळ्या झाल्या. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस.

आता तिसरा. याच्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं.

२०२२पर्यंत मला काय हवंय ते कळलं होतं. क्लायंटकडच्या एका तरुण इंजिनिअर मुलीचा अबाया मी दोन दिवस बारकाईने बघत होते: गडद राखाडी, शर्टासारखी कॉलर, बाह्या मनगटाशी अरुंद, समोर पूर्ण बंद होणारा. तिला विचारलं तर हसली. म्हणाली, मॉलमध्ये जाऊ नका, तायबा बाजारात जा आणि शिवून घ्या. तिथे ओळीने अबायाचीच दुकानं, बाहेर काळे काळे झगे लटकलेले, लांबून बघितलं तर शेकडो वटवाघळं झोपल्यासारखी. दोन हात रुंदीचं दुकान, मागच्या बाजूला पोटमाळ्यावर शिलाई मशिन. मालक सौदी, शिवणारा मास्तर आपला हैदराबादी. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सुरुवात केली, त्याने दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाला, "मॅडम, हिंदी में बोलो ना, कायकू तकलीफ."

मग काय. मी कागदावर चित्र काढलं. मास्तरने कापड दाखवलं, निदा. हे पॉलिएस्टरच असतं, पण मऊ, जड पडणारं, चुरगळत नाही. सुटकेसमधून काढला की घाला. क्रेप अंगाला चिकटतो, लिनन दहा मिनिटांत म्हातारं दिसतं. समोर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकली चेन, वरून पट्टी, म्हणजे चेन दिसत नाही आणि वाऱ्याने काही उघडतही नाही. गुडघ्याखाली मोकळा, पावलं टाकायला. बाह्या साध्या, मनगटाशी दोन टिचबटणं, बोर्डावर लिहायचं तर दुमडून वर चढवता येतात. आणि खिसे. दोन, खोल, शिवणीत लपलेले, उजव्याला चेन. खिसा म्हटल्यावर मास्तर हसला. "मोबाइल?" म्हटलं, मोबाइल, हॉटेलचं कार्ड, पासपोर्ट, पेन, टेप. "टेप?" मी पर्समधून पाच मीटरची मोजपट्टी काढून दाखवली. त्याने ती हातात घेऊन आदराने बघितली, धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाची वस्तू बघावी तशी, आणि खिसा एक इंच खोल केला.

लांबीवर आमचं भांडण झालं. तो म्हणाला ५४, जमिनीला टेकेल, शोभेल. मी म्हटलं, जमिनीपासून दोन इंच वर. तो म्हणे अधुरा दिसतो. मी त्याला खुर्चीच्या चाकाची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग खडूने दीड इंचावर रेघ मारली. दीडवर तडजोड झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार. शिलाईसकट २०० रियाल, तेव्हाचे साधारण ४,४०० रुपये. मॉलमधल्यापेक्षा स्वस्त, आणि माझ्या मापाचा. पैसे देताना इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, अजान झाली. मला उशांचा विभाग आठवला, पण या वेळी दुकान उघडंच राहिलं. २०२१पासून दुकानांना नमाजाच्या वेळी उघडं ठेवायची मुभा आहे.

तीन वर्षं झाली. काळा रंग जसाच्या तसा. हॉटेलच्या बेसिनमध्ये रात्री धुतला तर रियाधच्या कोरड्या हवेत सकाळी खडखडीत. घरी गच्चीवर वाळत घातला तेव्हा शेजारच्या काकूंनी "हे गं काय नवीन?" म्हणून विचारलं होतं. म्हटलं, ऑफिसचा युनिफॉर्म. सासूबाईंचं मत वेगळंच. त्यांनी बाहीला हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "याचं पडद्याचं कापड छान झालं असतं."

दोष सांगते, नाहीतर मास्तरची जाहिरात होईल. एक म्हणजे करंट. कोरडी हवा आणि पॉलिएस्टर, हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावला की चट्. झगा पायांना चिकटत राहतो. यावर तिथल्याच मुलीने सांगितलेला उपाय: खालच्या शिवणीत एक सेफ्टी पिन लावून ठेवायची. बऱ्यापैकी चालतो. दुसरं, उजव्या खिशाची चेन दुसऱ्या वर्षीच अडकायला लागली, मेण घासावं लागतं. तिसरं, गाडीचं दार. दीड इंच वर असला तरी बसल्यावर कड बाहेर लोंबते आणि दारात अडकते. यावर उपाय नाही, तिथल्या बायका बसल्यावर एका झटक्यात कड आत ओढतात, ते बघून शिकायचं. साडीवाल्यांना तीन दिवसांत जमतं, जीन्सवाल्यांना आठवडा लागतो.

पाचपैकी साडेचार.

प्लांटवर मात्र हा नाही चालत, कुठलाच नाही. हे ठासून सांगते, कारण एकीने मला 'साइटवर अबायावरूनच सेफ्टी जॅकेट घालू का' असं विचारलं होतं. जुबैलला, म्हणजे पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या औद्योगिक शहरात, आमचे पंप लागतात. फिरता शाफ्ट आणि सैल कापड एकत्र आलं तर काय होतं ते मी खुर्चीच्या साध्या चाकात बघितलंय. मोटर खुर्चीसारखी थांबत नाही. गेटवर अबाया काढायचा, कव्हरऑल (शर्ट-पँट एकत्र शिवलेला कामाचा पोशाख) चढवायचं, हेल्मेट, सेफ्टी शूज. तिथे यावर कुणी भुवई उंचावत नाही. कव्हरऑल अंगभरच असतं, त्यामुळे सभ्यपणाचा प्रश्नही मिटतो. अडचण एवढीच की ते पुरुषांच्या मापाचं मिळतं आणि त्याची मांडी आपल्या गुडघ्यापाशी येते. मी पुण्याहून माझ्या मापाचं शिवून नेते. आत लांब कुर्ता घालू नका, कव्हरऑलमध्ये त्याची पुरचुंडी होते. सुती, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि साधी पँट. ऑगस्टात जुबैलची हवा म्हणजे मे महिन्यातल्या मुंबईवर गरम टॉवेल टाकल्यासारखी, त्यात पॉलिएस्टर आत घातलं तर घामोळं ठरलेलं. एक गंमतही सांगून ठेवते. हायपोक्लोराइटचा, म्हणजे ब्लीचचा, एक शिंतोडा माझ्या काळ्या सुती पँटवर पडला, तिथे तांबूस डाग झाला. तसाच शिंतोडा एकदा निद्याच्या अबायावरही उडाला होता, त्याला काही झालं नाही.

डोकं झाकायचं का, हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. रियाधच्या ऑफिसात, रस्त्यावर, गरज नाही. मी २०१९नंतर झाकलेलं नाही. पण एक ओढणी गळ्यात असतेच. मशिदीच्या आवारात लागते, एसीत लागते, धुळीच्या वादळात तर लागतेच लागते. तरहा म्हणून विकतात ती गुळगुळीत असते, पिना लावल्याशिवाय डोक्यावर टिकत नाही. मी पुण्याचा सुती स्कार्फ नेते. अकरावीपासून स्कूटीवर डोळे सोडून बाकी सगळं गुंडाळून फिरलेल्या पुण्याच्या मुलीला कुणी स्कार्फ बांधायला शिकवू नये. २०२२ला धुळीचं वादळ आलं तेव्हा पार्किंगपासून दारापर्यंत जायला मी माझा फर्ग्युसन रस्ता पद्धतीचा स्कार्फ बांधला, तर क्लायंटची ती इंजिनिअर बघतच राहिली. म्हणाली, "हा निकाब कुठल्या भागातला?"

साडी? चालते. २०१८च्या फेब्रुवारीत सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री म्हणून रियाधला गेल्या होत्या तेव्हा साडीतच होत्या. कंबर झाकणारा लांब ब्लाउज आणि पूर्ण बाह्या घ्या, आणि दिवसभर सांभाळायची तयारी असेल तर नेसा. माझी नसते. सलवार-कमीजही पूर्ण चालतो. मग अबाया कशाला, असं मला माझ्या मुलीने विचारलं. खरं उत्तर असं की रोज सकाळी 'हे इथे चालेल का' असा विचार करण्यात माझी दहा मिनिटं जातात, आणि हा घातला की ती वाचतात. आत चुरगळलेलं असलं तरी बाहेर इस्त्रीचं दिसतं. (आमंत्रण नसलेल्या दिवशी.) त्याच्या खिशात मोजपट्टी मावते. सलवारीला खिसा असता तर कदाचित मी वेगळं लिहिलं असतं.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. मस्कतला मी दोनदा गेले, अबाया नेलाच नाही. पूर्ण बाह्यांचा कमीज आणि ओढणीवर काम भागलं. सुलतान काबूस मशीद बघायला गेले तेव्हा केस, मनगटं आणि घोटे झाकावे लागले, ते सलवार-कमीज आणि ओढणीने झालं. सकाळी ८ ते ११ मुस्लिम नसलेल्यांना सोडतात, शुक्रवारी नाही. ढाक्याला तर सुती सलवार-कमीजमध्ये मला सगळे बंगालीतच बोलायला लागले. इराणचं मात्र वेगळं, तिथे डोकं झाकणं कायद्याने सक्तीचं आहे, परदेशी बाईलाही. रियाधचा अनुभव तिथे नेऊ नका.

२०२५च्या जानेवारीत गेले तेव्हा मेट्रो नुकतीच सुरू झाली होती. दोन तासांचं तिकीट तेव्हा ४ रियाल होतं. डब्यांत कुटुंबांचा वेगळा भाग आहे, बाई एकटी असली तरी तिथे बसते. म्हणजे मी अजून कुटुंबच. त्या भागात मी मोजलं: अकरा बायका, पाच काळ्या, दोन उंटाच्या रंगाच्या, एक शेवाळी, एक जीन्सवर गुडघ्यापर्यंतच्या कोटात, एक अबाया उघडा टाकून आत स्पोर्ट्स शूज आणि टी-शर्ट. अकरावी मी. त्या टी-शर्टवाल्या मुलीच्या पायाकडे बघितलं, तिचा अबायाही जमिनीपासून चांगला दोन इंच वर होता. मास्तरला फोटो पाठवावासा वाटला.

आता पुढच्या महिन्यात आमच्या डिझाइन विभागातली पोरगी पहिल्यांदा जातेय. काल डब्याच्या वेळी येऊन म्हणाली, "ताई, तुमचा अबाया देता का आठवड्यासाठी?" मी उंची विचारली. पाच फूट सात. माझा तिच्या पोटरीवर येईल. तिला मास्तरचा पत्ता दिलाय, ५८ घे म्हणून सांगितलंय, दीड इंच वर, खिसा उजवीकडे, आणि चेन पितळेची लाव म्हणावं.